बँकेच्या वेळेचे फूल

चाळिशी लागली की नाकावर चष्मा येतो, आणि चष्मा आला की माणसाला अंगणातली माती दिसू लागते. माझे तरी तसेच झाले. राजूरच्या शाखेत बदली होऊन आलो तेव्हा घरमालकांनी घर दाखवताना सांगितले होते, "पुढं मोकळी जागा आहे, साहेब. तुळस-बिळस लावा." तुळस सौ.ने लावली. 'बिळस' लावायची जबाबदारी माझ्यावर आली. त्या जागेत पहिली चार वर्षे मी फक्त स्कूटर लावली.

राजूर हे गाव पुण्या-मुंबईच्या मंडळींना माहीत असते ते भंडारदऱ्याला जाताना पेढे घ्यायला गाडी थांबते म्हणून. पेढे चांगलेच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पेढे घेऊन गाडी पुढे गेली की मागे एक गाव उरते, त्या गावात एक बँक उरते आणि बँकेत मी उरतो. अकोले तालुक्याच्या या पश्चिम भागात चार महिने पाऊस असा पडतो की छत्री ही वस्तू केवळ शोभेची ठरते. अशा ठिकाणी बाग म्हणजे पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड आणि मधल्या थंडीत तीन-चार महिन्यांची हौस. कारकुनाला तेवढी पुरते.

ही हौस मला लावली माझ्या आतेभावाने. तो स्पेनमध्ये बार्सिलोनाला असतो. काय काम करतो ते त्याने तीनदा समजावून सांगितले आहे आणि मी तीनदा मान डोलावली आहे. त्याने एकदा त्याच्या गॅलरीतल्या कुंडीचा फोटो पाठवला. जमिनीलगत पसरलेले, वीतभर उंचीचे, नाजूक झाड आणि त्यावर निळीच निळी फुले. निळी म्हणजे आमच्याकडच्या लग्नपत्रिकेतली फिकट निळी नव्हे. शाईची दौत सांडावी तशी गडद निळी, आणि मधोमध लालसर ठिपका. खाली त्याने लिहिले होते, 'मेडिटेरेनियन वाइल्डफ्लॉवर. ॲनॅगॅलिस मोनेली. काही करावं लागत नाही, आपोआप येतं.'

'काही करावं लागत नाही' हे वाक्य वाचताच मी ते फूल लावायचा निश्चय केला.

दिवाळीला तो येणार होता. येताना बियांची एक पुडी घेऊन ये, असे मी कळवले. युरोपात राहून माणूस किती बिघडतो पाहा! त्याने उलट मलाच कायदा कळवला. परदेशातून बियाणे आणायचे तर भारत सरकारचा २००३ चा प्लँट क्वारंटाइनचा आदेश आहे, आयातीचा परवाना लागतो, तिकडच्या खात्याचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. मी स्वतः बँकेतला माणूस. 'सोबत एक झेरॉक्स जोडा' हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा उच्चारतो. पण तेच वाक्य आपल्याकडे परत आले की किती लागते, ते त्या दिवशी कळले. दिवाळीला आतेभाऊ आला, आणि त्याने बियांऐवजी चॉकलेटे आणली. ती काही उगवली नाहीत.

पण तोवर मी वाफा करून बसलो होतो. नवरीचा पत्ता नाही आणि मांडव घातलेला, अशी स्थिती. हे फूल भूमध्य समुद्राकाठचे. तिकडे पाऊस हिवाळ्यात, तोही बेताचा, आणि माती भुसभुशीत. म्हणून मी अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात वाफा वीतभर उंच केला, मातीत नदीची वाळू मिसळली, खाली विटांचे तुकडे टाकले, शेणखत अगदी ओंजळभर. शेजारचे गुरुजी रोज कुंपणावरून विचारायचे, "काय लावणार?" मी म्हणायचो, "स्पॅनिश फूल." चार दिवसांनी त्यांनी विचारणे बंद केले आणि नुसतेच हसू लागले. शेवटी सौ.ने अर्ध्या वाफ्यात मेथी टाकली. उरलेल्या अर्ध्यात मी रोज सकाळी झारीने पाणी घालत होतो. कशाला, ते मला विचारू नका.

त्याच वर्षी आई आमच्याकडे राहायला आली.

दादा गेल्यावर ती गावाकडच्या घरात एकटी राहणे शक्य नव्हते. ती आली, ओसरीवर खुर्चीत बसली आणि जवळजवळ बोलेनाशी झाली. 'चहा?' 'हं.' 'जेवतेस?' 'हं.' भिंतीवरचे घड्याळ तिला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नीट दिसत नव्हते, आणि दिसले तरी वेळ कळून तिला काय करायचे होते? पंचावन्न वर्षे तिचे घड्याळ म्हणजे दादा होते. त्यांचा चहा, त्यांचे जेवण, त्यांचा वर्तमानपत्राचा तगादा. ते घड्याळ बंद पडले होते. घरातली आम्ही माणसे आपापल्या कामाला निघून गेलो की ती त्या रिकाम्या वाफ्याकडे पाहत बसायची.

जानेवारीत मेथीत गवत फार झाले, म्हणून सौ.ने पाड्यावरच्या एका मावशीला खुरपायला बोलावले. शनिवार होता, तोही दुसरा, म्हणून मी घरी. मावशी खुरपे चालवत होत्या, मी त्यांना उगाचच सूचना देत होतो. आणि ओसरीवरून एकदम आवाज आला,

"अगं, ती नको उपटू! ती झोपाळू आहे!"

आम्ही तिघेही दचकलो. दोन महिन्यांत आई एका दमात इतके शब्द बोलली नव्हती. ती काठी टेकत खाली आली, वाफ्याच्या कडेला वाकली आणि मातीलगत पसरलेल्या एका तणावर बोट ठेवले. शेंगदाण्याएवढी पाने आणि त्यांच्यामध्ये नखाएवढे फूल. शाईसारखे निळे. मधोमध लालसर ठिपका.

मी आत जाऊन फोनमधला बार्सिलोनाचा फोटो घेऊन आलो. फुलाचा आकार निम्मा होता. बाकी भाऊ भावाला ओळखू येईल इतके साम्य होते. मावशी माझ्याकडे, फोनकडे आणि तणाकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "भाऊ, हे तर कुठं बी येतंय. उपटू का ठेवू?"

"ठेवा," मी म्हणालो. मजुरी देऊन तण राखणारा राजूरमधला मी पहिलाच असेन.

सोमवारी ते रोप मी कागदात गुंडाळून शाखेत नेले. तालुक्याच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमचे खातेदार आहेत. ते पासबुक भरायला येतात आणि मशीन बंद असल्याने माझ्याशी गप्पा मारून जातात. त्यांनी खिशातून भिंग काढले. खिशात भिंग बाळगणारा माणूस मी प्रथमच पाहिला. देठ चौकोनी, पाने समोरासमोर, पानांच्या खाली काळसर ठिपके, एकेका पानाच्या बगलेतून एकेक फूल. "ॲनॅगॅलिस अर्व्हेन्सिस," ते म्हणाले. "तुमच्या त्या स्पॅनिश बाईची सख्खी बहीण. अर्व्हेन्सिस म्हणजे शेतातली." मग भिंग खिशात ठेवत त्यांनी विचारले, "माझं पासबुक?"

त्या दिवसापासून मी या तणाचा इतिहास जमवू लागलो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण इतिहास म्हणजे तरी काय? जुनी खाती. जमा कोणाची, नावे कोणाची, आणि फरक का येतो, एवढेच पाहायचे.

या खात्यातली पहिली मोठी नोंद ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीस याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने औषधी वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, त्यात ही आहे. तिच्यात लाल आणि निळी असे दोन प्रकार असतात. त्याने लाल तो नर आणि निळी ती मादी असे ठरवून टाकले. दोन्ही फुलांत स्त्रीकेसर-पुंकेसर सगळे असते, पण वैद्यबुवांना कोण सांगणार? 'ॲनॅगॅलिस' या नावाचा संबंध ग्रीकांच्या आनंद देण्याशी, हसू आणण्याशी जोडतात. मनाची उदासी हे फूल घालवते, अशी त्यांची समजूत होती. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ओसरीकडे पाहिले. आई मावशींना मेथीचे काहीतरी सांगत होती.

दुसरी नोंद स्वीडनच्या लिनीयसची. सगळ्या झाडांना दुहेरी लॅटिन नावे देणारा हा गृहस्थ आमच्या ऑडिटरसारखा होता, म्हणजे जे दिसेल त्याला नंबर. १७५३ साली त्याने या फुलाला आजचे प्रसिद्ध नाव दिले. पण त्याआधी दोन वर्षे, १७५१ मध्ये, त्याने एक गमतीची यादी छापली होती. कोणते फूल किती वाजता उमलते आणि किती वाजता मिटते, याची. ती फुले ओळीने लावली तर बागेचेच घड्याळ होईल, अशी कल्पना. त्या घड्याळात आमच्या तणाला आठाचा ठोका मिळाला आहे.

ही खरी गंमत. हे फूल सकाळी आठ-नऊच्या सुमारास उमलते आणि दुपारी दोन-तीनला मिटते. आभाळ भरून आले तर उमलतच नाही. इंग्लंडातले खेडूत म्हणून त्याला गुराख्याचे घड्याळ म्हणत आणि गरिबाचे हवामानयंत्रही म्हणत. मला मात्र दुसरेच आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे हेडकॅशियर सांगायचे की पूर्वी बँकेची खिडकी साडेदहाला उघडायची आणि अडीचला बंद. अडीचनंतर साक्षात लक्ष्मी आली तरी 'उद्या या.' सकाळी उशिरा उघडणारे, दुपारी मिटणारे आणि हवा जरा बिघडली की दिवसभर बंद राहणारे हे फूल म्हणजे बँकेचे फूल नव्हे तर काय! आता आम्ही चारपर्यंत खिडकी उघडी ठेवतो. हवा बिघडली की मात्र आजही बंद असतो. त्याला आता 'सर्व्हर डाऊन' म्हणतात.

उत्तर युरोपात या फुलाचा लाल प्रकार जास्त. त्या लाल भावंडाचे नशीब फळफळले. १९०५ साली बॅरोनेस ऑर्झीची 'द स्कार्लेट पिंपर्नेल' ही कादंबरी आली. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखालून उमरावांना पळवून नेणारा एक इंग्रज सरदार आपली खूण म्हणून हे फूल वापरतो, अशी ती गोष्ट. तेव्हापासून इंग्रजी वाचणाऱ्या जगात लाल फूल हीरो झाले. आमच्याकडे येते ते निळे. ते कुठल्या कादंबरीत गेले नाही. ते गव्हात गेले.

गहू माणसाने पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लावायला सुरुवात केली. गव्हाचे बी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाते तेव्हा चाळणीतून सुटलेले तणाचे बारीक बीही त्याच पोत्यातून जाते. तिकीट गव्हाचे, प्रवास दोघांचा. आमच्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला आणि ते गाव जगभर गाजले. पण पुरातत्त्वाच्या लोकांना तिथे आणखी एक ऐवज मिळाला, ज्याचे फोटो कोणी छापत नाही. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे. त्यांत गहू आहे, जव आहे, मसूर आहे. म्हणजे राजूरच्या वरच्या अंगाला, रतनगडापाशी जी प्रवरा उगम पावते, तिच्या काठी तीन-चार हजार वर्षांपूर्वी गव्हाचे पीक निघत होते. गव्हाच्या पोत्यातून आमचे निळे फूल कितव्या फेरीला उतरले, याची पावती कोणी फाडलेली नाही. आयातीचा परवाना मात्र त्याने काढला नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो. आतेभावालाही तसे कळवले.

मग साहेबांचा काळ आला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन नावाचे एक डॉक्टर पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेवर होते. त्यांची दुसरी बाग जुन्नरकडे हिवरे येथे होती, म्हणजे आमच्या हरिश्चंद्रगडाच्या पलीकडल्या अंगाला. तिथे औषधी झाडे लावून ती सरकारी दवाखान्यांना पुरवायची, हे त्यांचे काम. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि १८६१ मध्ये डाल्झेल यांच्याबरोबर त्यांनी 'द बॉम्बे फ्लोरा' काढले. त्यानंतरचे मोठे काम थिओडोर कुक यांचे. हे मूळचे रेल्वेचे इंजिनियर, मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रिन्सिपॉल, आणि नाव कशात झाले तर १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींच्या ग्रंथात. मला या गोष्टीने फार धीर आला. इंजिनियरने फुले मोजावीत तर कारकुनाने तण का राखू नये?

शेवटची नोंद अगदी अलीकडची आहे. २००९ साली शास्त्रज्ञांनी तपासणी करून असा निकाल दिला की ॲनॅगॅलिस हे वेगळे घराणे मानायचे कारण नाही. ते लायसिमॅकिया या घराण्यात सामील करावे. म्हणजे आमच्या फुलाचे विलीनीकरण झाले! हे वाचून मला भरून आले. आमच्याही बँकेचे विलीनीकरण झाले. पाटी बदलली, चेकबुके बदलली, आयएफएस कोड बदलला, आणि आजही म्हातारे खातेदार जुन्याच नावाने बँक विचारत येतात. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. इतक्या नावांच्या बदलात आईचे एकच नाव टिकून होते: झोपाळू.

ते कुठून आले, हे तिने हळूहळू सांगितले. तिचे माहेर बेलापूरच्या बाजूला, पाटाच्या पाण्याखालचे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले म्हणून त्याला विल्सन डॅम म्हणतात. त्या धरणाच्या पाण्याने खालचा मुलूख हिरवा केला. तिकडे ऊस आला, थंडीत ओलिताचा गहू आला, आणि गव्हाला पाणी मिळाले की या तणालाही मिळते. त्याला हवे तेच: थंडी, ऊन आणि मुळाशी जराशी ओल. आई सात-आठ वर्षांची असल्यापासून गव्हात खुरपायला जायची. पोरींकडे घड्याळ कुठले? निळे फूल मिटू लागले की मोठ्या बाया म्हणायच्या, "झोपाळू निजली, आता शेवटची पात धरा." शेवटची पात म्हणजे घर जवळ आले. म्हणून पोरी ते फूल मिटायची वाट पाहत खुरपायच्या, आणि एखादे चुकून खुरप्याखाली येऊ द्यायच्या नाहीत. सगळीच उपटली तर सुटी कशी होणार?

"मालक ओरडायचा नाही?" मी विचारले.

"मालकाला काय कळतंय," आई म्हणाली. "तो म्हणायचा, पोरी तण राखतात. आम्ही सुटी राखायचो."

आता थोडे बागकामाबद्दल, कारण एखाद्या वाचकाला हे फूल लावायचा मोह झाला असेल. न झाल्यास हा परिच्छेद सोडावा. बी कार्तिकात टाकावे, पाऊस पुरता उघडल्यावर. मातीवर भुरभुरावे, खोल गाडू नये. जागा उन्हाची हवी. सावलीत झाड वाढते, पण फुले उमलायला आळस करतात. पाणी सकाळी, बेताचे. साचले की मूळ कुजते. खत जास्त घातले तर नुसती पाने माजतात, हे अनेक नोकरदारांच्या बाबतीतही पाहण्यात येते. शेंडे अधूनमधून खुडले की झाड पसरते. काहींच्या हाताला या पानांनी खाज सुटते, म्हणून हात धुवावेत, आणि तोंडात तर मुळीच घालू नये, कारण ते विषारी आहे. गुरुजींच्या शेळीने एकदा कुंपणातून मान घालून एक फांदी चावली आणि तोंड वाकडे करून ती माझ्याकडे असे पाहू लागली की मीच ओशाळलो. कुंपणाचा खर्च मात्र वाचला.

फूल गळाले की देठ खाली वाकतो आणि मोहरीएवढी गोल बोंडे धरतात. ती वाळली की मधोमध चीर पडून वरचे झाकण अलगद निघते, अगदी कुंकवाच्या करंड्यासारखे. आत बारीक तपकिरी बिया. त्या सांडण्याआधी गोळा कराव्यात. न केल्या तरी बिघडत नाही. मातीत पडलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि ओल-ऊन जमले की वर येते. आमच्या भाषेत, मुदत ठेव. मुदत किती ते ठेवीदाराला ठाऊक नसते, एवढाच फरक.

सगळ्यांनीच या बागेचे कौतुक केले असे नाही. फेब्रुवारीत एक जुने खातेदार शेतकरी पीककर्जाच्या कामाने घरी आले. वाफ्यापाशी थांबले. तोवर तो निम्मा निळा झाला होता. मी उत्साहाने डायॉस्कोरिडीसपासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या एकरभर गव्हात हे आहे. दोन दिवस सहा बाया लावल्या. मजुरीला तुमच्याकडूनच कर्ज घेतलंय. तुम्ही इथं त्याला झारीनं पाणी घालताय. पाहिजे तर ट्रॅक्टर भरून आणून देतो."

मला उत्तर सुचेना. फूल आणि तण यांतला फरक पानांत नसतो, तो सातबाऱ्यावर असतो. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे त्याला ते तण, आणि ज्याचा पगार महिन्याच्या अखेरीला होतो त्याला ते फूल. मी त्यांना चहा दिला. आईने ओसरीवरून विचारले, "गहू पाटाचा का विहिरीचा?" मग ते दोघे अर्धा तास गव्हावर बोलत बसले आणि कर्जाचा विषय राहूनच गेला.

त्या हिवाळ्यात आईचा दिवस पुन्हा बसला. सकाळी फूल उघडले की ती सौ.ला हाक मारायची, "उघडली गं, पोळ्या टाक." दुपारी मिटले की, "निजली. चहा ठेव." आमच्या घरचा चहा भिंतीवरच्या घड्याळापेक्षा त्या तणावर चालू लागला. एकदा अवकाळी आभाळ आले आणि दिवसभर एकही फूल उमलले नाही. संध्याकाळी घरी आलो तर आई वैतागून म्हणाली, "आज सकाळ झालीच नाही." मी म्हणालो, "आमचीही नाही झाली. सर्व्हर बंद होता." ती हसली. ग्रीकांच्या औषधाचा गुण यायला दोन हजार वर्षे लागली म्हणायची.

मार्चअखेर ही आम्हा बँकवाल्यांची परीक्षा, आणि त्याच सुमारास वाफाही वाळायला लागतो. मी रात्री दहाला घरी यायचो तेव्हा आईने दिवसभर गोळा केलेले बी वाटीत असायचे. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला, हे तिला ठाऊक होते. वाटीतले बी बँकेच्या जुन्या पाकिटात भरताना ती म्हणाली, "ती बाई पिकाचं बी राखते. आणि आपण बघ!"

पाकिटावर मी नेहमीच्या सवयीने तारीख घातली आणि आद्याक्षरी केली. पुढची तीन वर्षे दर कार्तिकात त्या पाकिटातून चिमूटभर निघाले आणि दर मार्चात वाटीभर जमा झाले. इतके नियमित खाते आमच्या शाखेत दुसरे नव्हते.

गेल्या मे महिन्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. श्रीरामपूरच्या बाजूला. सामान बांधताना मी तीच ती पाकिटे शोधत होतो. कपाटात नाहीत, फडताळात नाहीत. शेवटी आईच्या पिशवीत सापडली, हरिपाठाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली.

"अगं आई," मी म्हणालो, "आपण तुझ्याच माहेराकडं चाललोय. तिकडं गव्हागणिक हे तण असेल. इथून कशाला न्यायचं?"

तिने पाकीट माझ्या हातातून घेतले आणि पुन्हा पुस्तकात ठेवले.

"असू दे की," ती म्हणाली. "नव्या ठिकाणी ओळख निघायला बरी."